हिरवा रंग कुठं गेला

२२ एप्रिल १९५७, सोमवार

ही वही मीनाक्षीने दिली. म्हणाली, "तळघरातलं जे काय असेल ते हिच्यात ओता, घरी येऊन माझं डोकं खाऊ नका." बायकोचं ऐकतो असं अधूनमधून दिसावं लागतं, म्हणून लिहितो.

तर आज किल्ली मिळाली. रामदास पेणकर याचा स्वतःचा गणपतीचा कारखाना. चौदा वर्षं परळला दादाच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली सोंडा चिकटवल्या, कान चिकटवले, पण डोळ्यांची आखणी दादाच करणार, आपण बाजूला दिवा धरून उभं राहायचं. संपलं ते. या वर्षी डोळे मी आखणार.

आणि जागा कुठली, तर माझ्या वडिलांची, आबांचीच. खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्यावरून पाच पायऱ्या खाली. १९२९ पासून अकरा हंगाम आबांनी इथे गणपती केले. आठ वर्षांचा झाल्यापासून मी त्यांच्या हाताखाली होतो. माझं काम धुण्याचं. घमेली, साचे, हंगामाच्या शेवटी रंगाचे कुंचले, सगळं कोपऱ्यातल्या मोरीवर बसून मी लख्ख करायचो. मोरी अजून तशीच आहे. आज वाकून तिला नमस्कार केला, खोटं कशाला सांगू.

एकोणचाळीस साली मात्र इथून उठावं लागलं. चाळीस गणपती पाटावर मांडलेले आणि मोरीतून घाण पाणी वर आलं, पार पाटांखाली. वर तळमजल्यावर कालिंदीबाईंची खानावळ. तिची पेज, तिचं तूप, तिचं खरकटं आमच्या नळात तुंबलं होतं. आबा पंगत बसलेली असताना वर गेले आणि पन्नास जणांसमोर तिला नाही नाही ते बोलले. मालकाने तिला चांगला दणका दिला म्हणतात. पण आमचं नुकसान व्हायचं ते झालंच. पुढे आबांनी दुसऱ्यांच्या कारखान्यात रोजावर काम केलं. चार वर्षांपूर्वी गेले, तोवर म्हणत होते, "पेजेने माझा कारखाना बुडवला."

बाई अजून वरच आहे. साठीची असेल. सकाळी रस्त्याच्या गटारात बादली ओतताना दिसली. मी नमस्कार केला नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

शाडू भिजवला. दोन पिंपं. हात घातला आणि सोळा वर्षांचा झालो. दादाकडेही हीच माती असते, पण ती दादाची. ही माझी.

संध्याकाळी चारही घमेली मोरीवर धुतली. पाणी दुधासारखं होऊन गेलं. मीनाक्षी डबा घेऊन आली होती, पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "एवढी माती कुठं जाते हो?"

म्हटलं, "कुठं म्हणजे? मोरीत."

"आणि मोरीतून?"

आता बायकांना काय समजवायचं. आबा म्हणायचे, शाडू इतका शुद्ध की पाण्यात सोडला की पाणीच होतो, मागे काही राहत नाही. म्हणून तर त्याचा देव करतात. हे तिला सांगितलं. तिने डबा उघडला. भरली वांगी होती.

२९ एप्रिल, सोमवार

आलं पाणी. मोरीतून बुडबुडे, मग काळपट पाणी, मग वास. अर्धी जमीन ओली. पिंपं उचलून पायरीवर ठेवली. अगदी एकोणचाळीस सालचंच.

सकाळी मी सहा घमेली धुतली तेव्हा पाणी नीट गेलं होतं, जरा सावकाश गेलं एवढंच. म्हणजे त्यानंतर वरून काहीतरी सोडलं. सोमवारी उपासवाले खानावळीत येत नाहीत म्हणून पेज जास्त उरत असणार. मी हिशेब बरोबर बसवला. वर जाऊन बोलणारच होतो, पण मीनाक्षीने हात धरला. "आधी खात्री करा, मग तोंड उघडा," म्हणाली. तिच्यासाठी थांबलो.

२ मे, गुरुवार, अक्षय्य तृतीया

मुहूर्ताची पहिली मूर्ती पाटावर घेतली. जमीन ओली असली तरी मुहूर्त चुकवला नाही. वीतभर गणपती, उजवा पाय दुमडलेला. छान बसलाय.

मालकाचा मुनीम आला तो नाकाला रुमाल लावूनच. "अठरा वर्षं इथं गोदाम होतं," म्हणाला. "कोपरा ओलसर असायचा, बस. तुम्ही आलात आणि आठ दिवसांत इमारतभर वास. मे अखेर जमीन कोरडी दिसली नाही तर जागा रॉकेलवाल्याला. तो रांगेत उभाच आहे." मी म्हटलं, नळ तुमचे, दुरुस्ती तुमची. तो म्हणाला, नळ कुठून कुठं जातात ते मालकालाही माहीत नाही, कागद नाहीत. आणि गेला.

एकसष्ट घरगुती गणपतींची नोंद झाली आहे. शिवाय एका मंडळाचा मोठा, त्याच्या मागे मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा. मंडळाचे सेक्रेटरी तीनदा सांगून गेले, बेळगाव आत आलंच पाहिजे. ही जागा गेली तर पुन्हा दादाकडे दिवा धरायला. आणि गटाराच्या पाण्यात बसलेला गणपती कोण घरी नेणार?

सेक्रेटरींनीच एक नाव दिलं. करी रोडच्या चाळीत भिवा म्हणून आहे. पालिकेच्या गटारखात्यात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त. म्हणाले, गिरगावाच्या पोटातलं त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही.

५ मे, रविवार

भिवा आला. उंच, वाळलेला, डोक्याला पांढरं फडकं. हातात पहार आणि बांबूच्या लांब कामट्यांची जुडी. मला वाटलं आल्या आल्या कामट्या घालून ढोसायला लागेल. तो अर्धा तास नुसता उभा. भिंती बघत होता.

मग पहारीचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून बसला. वर दुसऱ्या मजल्यावर कोणी आंघोळ करत होतं. म्हणाला, "हे बगा, मास्तर. ऐका."

मी कान लावला. आणि काय सांगू, जमिनीखालून पाणी चाललेलं ऐकू आलं. अगदी स्पष्ट. खळखळ यायची, मग एका ठिकाणी डुबुक डुबुक. इतकी वर्षं या जमिनीवर बसलो, खाली असं काही चाललेलं असतं हे कधी डोक्यातच आलं नाही. तासभर कान सोडवेना. कान दुखायला लागला तेव्हा उठलो.

भिवा म्हणाला, "जुनी खापरी लाइन हाय. साहेबाच्या वेळची. तुमच्या मोरीपासून निघते आणि मागच्या गल्लीतल्या चेंबरला जाते. वरचे दोन नळ भिंतीतून येऊन हिलाच मिळतात."

"मग वरच्या खानावळीचाच प्रताप," मी म्हटलं.

तो हसला. "खात्यात बत्तीस वर्षं बगितलंय मास्तर, गटार तुंबलं की लोक वर बगतात. वर कोण राहतं ते बगतात. स्वतःच्या मोरीत कोणी बगत नाय."

अगदी बरोबर बोलला. वरच्या लोकांना हेच ऐकवायला हवं.

मी नकाशा रंगवत होतो, तो बघून म्हणाला, "मुंबई पाहिजे म्हणता, तर तिच्या पोटात काय हाय तेबी शिका." आणि गणपतीकडे बघून, "आम्ही आता देव मानत नाय. दसऱ्यापासून. तुमचा देव तुम्ही बगा, मी उतार बगतो." म्हटलं, मला उतारच हवाय.

चहा मागवला. त्याचा कप पायरीवर ठेवला. तो म्हणाला, नको, नाक्यावर पिऊन आलोय. संकोची माणूस आहे.

८ मे, बुधवार

दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. एका भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा, समोरच्या भिंतीवर मी कोळशाने गटाराचा काढलाय. मोरी, तिच्यापुढे डावीकडे वळण, दोन वरचे नळ, मागची भिंत, गल्ली. भिवा पहारीने जमीन ठोकत जातो आणि मी खडूने खूण करतो. पोकळ असेल तिथे आवाज मोकळा, भरलेलं असेल तिथे बद्द. मीही ठोकून बघितलं. मला जमतं. भिवा म्हणाला, "कान हाय तुम्हाला." दादाने चौदा वर्षांत माझ्याबद्दल असं एक वाक्य उच्चारलं नाही.

मागच्या भिंतीजवळ हातभर जागा बद्द वाजते. भिवा घाईने फोडायला तयार नाही. म्हणतो, आधी कोणाचं पाणी कुठं जातं ते कळू दे. खात्यात ते लोक चुना ओतून बघायचे, पण चुना सगळ्या मोऱ्यांतून पांढराच येणार, कोणाचा कोणता ते कळत नाही.

आणि मला सुचलं. चुना कशाला? मी गणपतीवाला माणूस. माझ्याकडे रंग आहेत. एकेका मोरीत एकेक रंग. भिवा माझ्याकडे बघतच राहिला. "हे आमच्या साहेबालाबी सुचलं नसतं," म्हणाला. हे वाक्य लिहून ठेवतोय, पुढे कामाला येईल.

मीनाक्षीने घरी विचारलं, "भिवांचा कप पायरीवर का ठेवला होता त्या दिवशी?" म्हटलं, कुठे ठेवणार, पाट सगळे ओले. ती म्हणाली, "तुमचा तर पाटावर होता." बाईचं लक्ष कुठे असतं बघा, इथे माझा कारखाना बुडतोय.

११ मे, शनिवार

आजचा दिवस आयुष्यात विसरणार नाही. तीन तांबे. दुसऱ्या मजल्याच्या न्हाणीसाठी पिवळा, खानावळीसाठी गुलाबी, माझ्या मोरीला हिरवा. भिवा मागच्या गल्लीत चेंबरचं झाकण उघडून बसला, मी खाली, मीनाक्षी वर.

मीनाक्षीने पिवळा ओतला. मी मोरीत डोळे घालून बसलेलो. पाच मिनिटं झाली असतील, आणि माझ्या मोरीतून पिवळं धम्मक पाणी वर आलं. मी एवढ्याने ओरडलो की रस्त्यावरचे दोघे खाली डोकावले. गल्लीत भिवाकडे काहीच नाही, चेंबर कोरडं. म्हणजे दुसऱ्या मजल्याचं पाणी जमिनीखाली येतं, पुढे जाता येत नाही म्हणून माझ्याकडे वर येतं. चाललंय काय ते उघड्या डोळ्यांनी दिसलं. असं कळण्यात काय मजा असते हे शाळेत कोणी शिकवलं असतं तर मी शाळा सोडली नसती.

मग गुलाबी तांब्या घेऊन मी स्वतः खानावळीत गेलो. बाई भांडी लावत होती. म्हटलं, तुमच्या मोरीत हा रंग ओतायचाय. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग ओट्याखाली मोरीच्या तोंडावरची एक लादी दाखवली, चहूबाजूंनी सिमेंट लावून बसवलेली.

"कशात ओततोस, रामदास? एकोणचाळीस साली तुझ्या आबांनी मालकाकडून लिंपून घेतली ती. तेव्हापासून माझं सगळं पाणी बादलीने रस्त्यावर जातं."

मला हे माहीत नव्हतं. तांब्या तसाच खाली आणला.

भिवाला सांगितलं तर म्हणाला, "अठरा वर्षं त्यांचं थेंबभर पाणी खाली आलेलं नाय. मग आज तुंबलं ते कोणाचं?"

म्हटलं, तेव्हाचीच घाण आत बसलेली असणार, आणखी काय. त्याने हिरवा तांब्या माझ्या हातात दिला. शेवटी माझ्या मोरीत हिरवा ओतला. जरा वेळ तरंगला, मग सावकाश खाली गेला. भिवा तासभर चेंबरपाशी बसला. हिरवा आला नाही.

"हिरवा रंग कुठं गेला?" मी विचारलं.

"कुठंबी नाय गेला. तुमच्या मोरीपासून चेंबरपर्यंतच हाय. जिथं बसलाय तिथं आपल्याला खणायचंय."

१३ मे, सोमवार

भिवा आला नाही. निरोप नाही, काही नाही. मुनीम दोनदा डोकावून गेला. अठरा दिवस उरलेत आणि माणूस बेपत्ता. चिडून साच्यावर हात जोरात पडला, एका मूर्तीची सोंड गेली. पुन्हा भिजवली. घमेलं धुतलं तर पाणी लगेच वर आलं.

१५ मे, बुधवार

भिवा आला, बरोबर खिरीचा डबा. परवा बुद्धजयंती होती. "धर्म घेतल्यानंतरची पहिलीच," म्हणाला. चाळीत रोषणाई केली होती, नातीने भाषण केलं. सांगताना चेहरा उजळला होता. मी सोमवारी जे काय बडबडलो होतो ते कुठेतरी गिळून टाकलं. खीर फार चांगली होती, दोनदा घेतली.

मीनाक्षीने दोन कप चहा एकाच पाटावर आणून ठेवला. भिवाने आज घेतला.

रविवारी जमीन उघडायची.

१९ मे, रविवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी सहा फरश्या उचलल्या. दोन हात खाली खापरी नळ दिसला, लाल, आजही शाबूत. भिवाने छिन्नीने वरची कड हळूहळू उघडली. मी कंदील धरला होता, या खेपेला आनंदाने. आत घाण असेल, केस असतील, भाताचा लगदा असेल म्हणून नाकाला फडकं बांधून तयार होतो.

भिवाने हात घालून जे बाहेर काढलं ते अखंड होतं. हातभर लांब, दंडाएवढं जाड, करडं, गुळगुळीत. तरटावर ठेवून तांब्याभर पाणी ओतलं.

"ही पेज नाय, मास्तर," म्हणाला. "तूप नाय. बगा तुम्हीच, तुमचं काम हाय हे."

हात लावताच कळलं. बोटांना लगेच कळतं. तरी मी माती कापायची तार घेतली आणि आडवं कापलं.

आत थर होते. तळाला करडा जाड थर, त्यावर रंगाची बारीक रेघ. गुलाबी, थोडा पिवळा. पुन्हा करडा, पुन्हा रेघ. हंगामात आधी माती धुतली जाते आणि शेवटी कुंचले. मी मोजले. अकरा. मग पुन्हा मोजले. अकराच. त्यावर बोटभर काळा गाळ, अठरा वर्षांचा. आणि सगळ्यात वर ताजा, ओला, मऊ शाडू, गेल्या महिन्याचा. त्यावर हिरवा रंग बसलेला.

भाताचं एक शीत नव्हतं. मी शोधलं. लाज सोडून बोटांनी चिवडून शोधलं.

एकेक रेघ मला ओळखू येत होती. आबांची माती, आणि धुणारा मी. त्या मोरीवर बसून पाणी दुधासारखं जाताना बघत होतो आणि वाटायचं, पाण्याचं पाणी झालं.

भिवा पुढच्या नळात कामट्या घालत होते. बारा कामट्या एकामागे एक जोडल्या. मग गल्लीतल्या चेंबरमधून भसकन आवाज झाला आणि मोरीतलं सगळं पाणी सरसर खाली गेलं. एवढा गोड आवाज मी ऐकला नव्हता. तीन आठवडे ज्याच्यासाठी जीव टाकला ते झालं. नाचायला हवं होतं. मी तरटाजवळ बसून राहिलो.

२० मे, सोमवार

जमीन वाळतेय. वास नाही. वर गेलो नाही.

मीनाक्षीला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या दुपारी पंगत उठली की बाई एकटी असेल, तेव्हा जाऊन सांगतो. ती म्हणाली, "आबा बोलायला गेले तेव्हा पंगत बसली होती ना? मग तुम्हीही पंगत बसल्यावर जा."

मला राग आला. फार आला. मेलेल्या बापाचं नाव चारचौघांत काढायचं, आणि तेही कारखान्याच्या पहिल्या वर्षी. असं म्हणालोसुद्धा. तिने उलट उत्तर दिलं नाही. बरोबर बोललेल्या माणसाला उत्तर द्यायची गरज नसते, हे मला जेवताना कळलं.

२१ मे, मंगळवार

साडेबाराला गेलो. चाळीसेक जण जेवत होते. कारकून, दोन मास्तर, मंडळाचे सेक्रेटरीसुद्धा, कोपऱ्यात. हातात परात, परातीत तो मातीचा तुकडा. दारात उभा राहिलो. कोणीतरी म्हणालं, जागा नाही, बाहेर थांबा.

मग बोललो. म्हटलं, मी रामदास पेणकर, खालच्या कारखान्याचा. एकोणचाळीस साली माझ्या वडिलांनी इथे उभं राहून कालिंदीकाकूंना बोल लावला की खानावळीने नळ तुंबवला. तो नळ परवा फोडला. आत आमचीच माती निघाली. यांचं काही नव्हतं. माझे वडील चुकले आणि त्या मातीची घमेली धुणारा मी होतो.

सगळे हात थांबले. काकूंच्या हातात आमटीचा वाडगा होता. त्या परातीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाजूला हो, आमटी निवतेय." आणि वाढत राहिल्या. एकाला दोनदा वाढली.

मी तिथेच उभा. पंगत संपत आली तेव्हा वाडगा खाली ठेवला, पदराने हात पुसले. "मी तेव्हाच म्हटलं होतं तुझ्या आबांना, पाणी गढूळ येतंय, मातीचं बघा. ते म्हणाले, शाडूला नावं ठेवू नकोस." मग ओट्याखाली बोट दाखवून, "फोड आता ती लादी."

खाली पळत जाऊन छिन्नी आणली. अठरा वर्षांचं सिमेंट, पण तीन घावांत सुटलं. गुलाबी तांब्या तसाच ठेवलेला होता, तो आणला. काकूंना म्हटलं, तुम्ही ओता. भिवा गल्लीत चेंबरपाशी जाऊन बसले होते. काकूंनी तांब्या उपडा केला. आत अंधारात पाणी गेलं. जेवणारे हात न धुता उभे.

"आला! मास्तर, गुलाबी आला!" गल्लीतून भिवांचा आवाज.

निम्मी पंगत उष्ट्या हाताने गल्लीत धावली. सेक्रेटरी चेंबरवर वाकून म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्राच्या आधी हे झालं." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना रडू आलं ते लपवता आलं नाही. काकू मोरीपाशी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी भिवांसाठी पान वाढायला सांगितलं, पंगतीतच. भिवांच्या शेजारी मी बसलो.

२३ मे, गुरुवार

सकाळी कारखाना उघडताना बघितलं, काकू भरलेली बादली घेऊन रस्त्याच्या गटारापाशी उभ्या. मी धावत गेलो. म्हटलं, काकू, मोरी उघडलीय ना?

त्यांनी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाय आपोआप इकडेच आले रे," म्हणाल्या. मी बादली घेतली. त्यांच्या तळव्यावर बादलीच्या कडीचा घट्टा होता, आडवा, रुपयाएवढा जाड. लहानपणी त्याच हाताने त्या मला तव्यावरची पोळी द्यायच्या. हे आज आठवलं, अठरा वर्षांनी.

३१ मे, शुक्रवार

मुनीम आला, चप्पल काढून अनवाणी फिरला. जमीन कोरडी ठणठणीत. तोंड आंबट करून गेला. रॉकेलवाल्याला दुसरी जागा शोधावी लागणार.

मोरीपाशी तीन पिंपं एकाखाली एक लावलीत. भिवांनी उतार बघून दिला. धुतलेलं पाणी पहिल्यात निवळतं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि मोरीत जातं ते स्वच्छ. तळाची माती संध्याकाळी परत ढिगावर. मोरीवर आता मीनाक्षीची पाळत असते.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज आखणी सुरू केली. पहिला मान मुहूर्ताच्या मूर्तीचा, ती काकूंकडे जाणार आहे. पैसे नको म्हटलं तर म्हणाल्या, मोदक माझे.

दार लावून घेतलं, श्वास धरला, डावा डोळा काढला. चांगला उतरला. दादाला दाखवायला हवा असं वाटलं, राग न येता. उजव्या डोळ्यासाठी कुंचला टेकवणार तेवढ्यात माझ्या मागच्या भिंतीतून नळ वाजला. वर काकूंनी भाताची पेज ओतली होती. आबांची पेज.

मी कुंचला उचलून धरला. पाणी भिंतीतून उतरलं, माझ्या पायांखालून गेलं, डावीकडे वळलं, मागच्या भिंतीपलीकडे गल्लीत गेलं. सगळं ऐकू आलं. चेंबरला पोचलं असेल इतका वेळ थांबलो, मग दुसरा डोळा काढला.